हॅनिबल वेशीशी

इ. स. पू. ४४च्या सप्टेंबरात नामांकित वक्ता सिसेरो रोमच्या सिनेटमध्ये बोलायला उभा राहिला. आदल्या दिवशीच्या सभेला तो गेला नव्हता आणि त्यावरून सत्तेवर असलेल्या मार्क अँटनीने मोठा थयथयाट केला होता. माणसं पाठवून सिसेरोचं घर पाडायला लावतो, इथवर त्याची मजल गेली होती. सिसेरोने त्यावर उलट विचारलं, एवढं काय अडलं होतं? हॅनिबल वेशीशी आला होता की काय? हा टोमणा कुणाला समजावून सांगावा लागला नसणार. रोमशी लढलेला हॅनिबल, आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरच्या कार्थेज शहराचा सेनापती, मरून तेव्हा जवळजवळ १४० वर्षं झाली होती.

शत्रूच्या सेनापतीचं नाव असं भाषेत मुरावं, हा प्रकार आपल्याला अगदीच अनोळखी नाही. फक्त त्यात आपण पलीकडच्या बाजूला आहोत. नागपूरकर भोसल्यांच्या घोडदळाने १७४१ ते १७५१ या काळात बंगालवर स्वाऱ्या केल्या आणि तिकडच्या अंगाईगीतात 'बर्गी' कायमचे जाऊन बसले. आपल्याकडे बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर चाकरी करणारा साधा स्वार. तिकडे तो बागुलबुवा झाला. त्यामुळे रोमन लोक हॅनिबलबद्दल जे सांगतात ते वाचताना मी थोडा सावध असतो. कार्थेजची बाजू सांगणारा एकही इतिहास आज पूर्ण उरलेला नाही. जे आहे ते रोमन लिव्हीचं, आणि रोमच्या थोरामोठ्यांत वावरलेल्या ग्रीक पॉलिबियसचं.

तर रोमला या माणसाची एवढी भीती का वाटली? शाळेतलं उत्तर ठरलेलं आहे: तो हत्ती घेऊन आल्प्स पर्वत ओलांडून आला. चित्र झकास आहे, पण उत्तर म्हणून लंगडं आहे. ऱ्होन नदी पार करताना त्याच्याकडे ३७ हत्ती होते. इटलीतला पहिला हिवाळा संपेपर्यंत एकच उरला. आर्नो नदीकाठची दलदल तुडवताना हॅनिबल त्या एकट्या हत्तीवर बसून होता आणि डोळ्याच्या दुखण्याने त्याचा एक डोळा जात होता. शिवाय रोमनांना हत्तींचं नवल उरलं नव्हतं. साठ वर्षांपूर्वी पिऱ्हस राजाने ते इटलीत आणून झाले होते. सैन्याचा आकडाही थरकाप उडवणारा नव्हता. हॅनिबलने दक्षिण इटलीतल्या एका देवळात आपल्या मोहिमेचा तपशील ब्राँझच्या पत्र्यावर कोरून ठेवला होता, तो पॉलिबियसने स्वतः वाचला. आल्प्स उतरला तेव्हा १२ हजार आफ्रिकी आणि ८ हजार स्पॅनिश पायदळ, वर ६ हजार घोडेस्वार. बस्स. उलट, रोम आणि त्याची मित्रराज्यं मिळून हत्यार धरू शकतील अशी माणसं पॉलिबियसच्या हिशेबाने सात लाखांच्या वर पायदळ आणि ७० हजार घोडदळ.

या दोन आकड्यांतच मला उत्तर दिसतं. सात लाखांतले निम्म्याहून अधिक लोक रोमन नव्हते. लॅटिन, सॅम्नाइट, एट्रुस्कन, ग्रीक अशा नाना जातकुळीच्या शहरांना आणि टोळ्यांना रोमने एकेक करून हरवलं होतं आणि प्रत्येकाशी वेगळा तह केला होता. खंडणी मागितली नाही, मागितली ती माणसं. दरवर्षी रोम सांगेल तितके शिपाई द्यायचे, रोम सांगेल त्याच्याशी लढायचं; ते युद्ध करावं की नाही, यावर मात्र त्यांचं मत कुणी विचारायचं नाही. ही व्यवस्था किती ताण सोसेल, हे तोवर कुणी पाहिलं नव्हतं. ते पाहायला हॅनिबल आला होता.

पुरावा त्याच्या लढायांपेक्षा लढाया संपल्यानंतरच्या वागण्यात आहे. इ. स. पू. २१८च्या डिसेंबरात ट्रेबिया नदीकाठी, गोठवणाऱ्या पाण्यातून उपाशीपोटी आलेल्या रोमन सैन्याला त्याने मोडलं. पुढच्या जूनमध्ये ट्रासिमीन सरोवराच्या काठी, सकाळच्या धुक्यात, वाटेवर चालणारं अख्खं सैन्य डोंगरउतारावरून घेरलं. सुमारे १५ हजार रोमन पडले, कॉन्सल, म्हणजे वर्षापुरता निवडलेला सर्वोच्च अधिकारी, फ्लॅमिनियसही पडला. दोन्ही वेळा कैद्यांची वाटणी झाली. रोमन नागरिक बेड्यांत गेले. मित्रराज्यांच्या शिपायांना त्याने एक पैसाही न घेता घरी सोडलं आणि सोडताना निरोप दिला, की माझं भांडण तुमच्याशी नाही, मी इटलीच्या स्वातंत्र्यासाठी रोमशी लढायला आलोय. हजारो माणसं हा निरोप घेऊन आपापल्या गावी गेली. रोमच्या दृष्टीने तो निरोप सुटलेल्या कैद्यापेक्षा महाग होता.

ट्रासिमीनची बातमी रोममध्ये पोचली तेव्हा प्रेटर, म्हणजे शहराचा न्यायाधिकारी, चौकात आला आणि जमलेल्या लोकांना त्याने एवढंच सांगितलं: मोठी लढाई झाली, आपण हरलो. सारवासारव नाही, आकडे दडपणं नाही. मला हा क्षण रोमच्या इतिहासातल्या चांगल्या क्षणांपैकी वाटतो, आणि पुढे जे झालं त्याच्याशी तो ताडून पाहावासा वाटतो.

मग फॅबियस हुकूमशहा, म्हणजे संकटापुरता नेमलेला सर्वाधिकारी, झाला. तो समोरासमोर भिडायचा नाही. डोंगरमाथ्याने मागे लागायचा, रसद तोडायचा. रोमन लोकांनी त्याला आधी चेंगट म्हणून हिणवलं आणि नंतर तेच नाव किताब म्हणून मिरवलं. याच फॅबियसने हॅनिबलला एका खोऱ्यात कोंडलं होतं. तेव्हा हॅनिबलने सुमारे दोन हजार बैलांच्या शिंगांना जळाऊ लाकडांच्या मोळ्या बांधल्या, रात्री त्या पेटवल्या आणि बैल डोंगरावर हाकलले. खिंडीवरचे पहारेकरी त्या उजेडामागे धावले, सैन्य खिंडीतून निघून गेलं. कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून शाहिस्तेखानाच्या फौजेला चकवल्याची गोष्ट लहानपणापासून ऐकलेल्या माणसाला इथे हसू फुटल्याशिवाय राहत नाही. पण फॅबियसला खरा त्रास या युक्तीचा झाला नाही. त्याच्या डावपेचात मित्रराज्यांची शेतं जळत होती आणि रोमन सैन्य डोंगरावरून ते बघत होतं. ज्याचं पीक जळतं त्याला आपला रखवालदार कितपत कामाचा, हा प्रश्न पडतोच. म्हणूनच रोमला फॅबियसची चाल सोसवेना, आणि म्हणूनच कॅनीची लढाई घडली.

इ. स. पू. २१६, २ ऑगस्ट. रोमने तोवर कधी एका जागी उभं केलं नव्हतं एवढं सैन्य त्या दिवशी मैदानात होतं. पॉलिबियस ८० हजार पायदळ आणि ६ हजार घोडदळ सांगतो. हॅनिबलकडे ४० हजार पायदळ आणि १० हजार घोडदळ. त्याने मधोमध इटलीत त्याला येऊन मिळालेल्या गॉल टोळ्यांची आणि स्पॅनिश पायदळाची फळी शत्रूच्या दिशेने फुगीर अशी मांडली आणि दोन टोकांना आपले कसलेले आफ्रिकी शिपाई ठेवले. रोमन गर्दी मधल्या फळीवर कोसळली. फळी तुटली नाही, हळूहळू मागे सरत आत वळली, आणि रोमन त्या खोलगटात घुसत गेले. दोन बाजूंचे आफ्रिकी मग नुसते आतल्या अंगाला वळले. तोवर डावीकडचं घोडदळ रोमन घोडेस्वारांना उधळून, वळसा घालून पाठीमागून आलं होतं. माणसं इतकी दाटली, की आतल्यांना हत्यार उचलायला जागा उरली नाही. संख्या हीच रोमची ताकद होती. हॅनिबलने तीच त्यांच्या गळ्यात अडकवली. मेलेल्यांचा आकडा पॉलिबियस ७० हजारांच्या घरात नेतो, लिव्ही ४८ हजारांच्या आसपास ठेवतो. कमीच धरू. सिनेटचे सदस्य किंवा त्या पात्रतेची ८० माणसं एका दुपारी गेली. हॅनिबलचा भाऊ मागो याने कार्थेजच्या सभेत मेलेल्या रोमन सरदारांच्या सोन्याच्या अंगठ्या ओतल्या, तेव्हा त्या मापाने मोजाव्या लागल्या.

या पराभवानंतरचा रोम हा इतिहासलेखकांचा लाडका विषय आहे, आणि कारणही आहे. फॅबियसच्या सांगण्यावरून दरवाजांवर पहारे बसले, बायकांना घरात राहायचा हुकूम झाला. सुतक ३० दिवसांत आटोपा असं ठरलं, कारण सीरीझ देवीचा वार्षिक उत्सव अडला होता: तो बायकांनी करायचा, सुतकातल्या बाईला तो चालत नाही, आणि शहरात सुतक नसलेलं घर नव्हतं. पराभूत कॉन्सल व्हॅरो परतला तेव्हा लोक त्याला सामोरे गेले आणि प्रजासत्ताकाबद्दल त्याने आशा सोडली नाही म्हणून त्याचे आभार मानले. पकडलेल्या रोमनांना पैसे देऊन सोडवायचं सिनेटने नाकारलं आणि उलट ८ हजार गुलाम विकत घेऊन त्यांच्या हाती शस्त्रं दिली, तेही लिव्ही सांगतो तसं कैदी सोडवण्यापेक्षा जास्त खर्च करून. तहाचा शब्द कुणी काढला नाही.

सगळं खरं. पण त्याच दिवसांत रोमच्या गुरांच्या बाजारात एक गॉल पुरुष, एक गॉल स्त्री, एक ग्रीक पुरुष आणि एक ग्रीक स्त्री जिवंत गाडली गेली. देवांचा कोप शांत व्हावा म्हणून. लिव्हीला हे लिहिताना लाज वाटलेली दिसते. हा विधी मुळीच रोमन नव्हे, असं तो घाईने म्हणतो. धीरोदात्त रोमचे गोडवे गाणारे बहुतेक लोक हे वाक्य ओलांडून पुढे जातात. मला ते ओलांडता येत नाही. व्हॅरोचे आभार मानणारा रोम आणि ही चार माणसं गाडणारा रोम एकच होता. हॅनिबल हाती लागत नव्हता, म्हणून हाताशी होते ते परके गेले.

कॅनीनंतर हॅनिबल थेट रोमवर का गेला नाही? त्याचा घोडदळाचा सरदार माहार्बल त्याला म्हणाला म्हणे, की तुला जिंकता येतं, जिंकलेलं वापरता येत नाही. हे वाक्य इतकं फर्मास आहे, की दोन हजार वर्षं लोक तेच निकालपत्र म्हणून वाचत आले. मला ते पटत नाही. पुढच्याच वर्षी हॅनिबलने मॅसिडोनियाच्या पाचव्या फिलिपशी तह केला, आणि त्याचा मजकूर पॉलिबियसने दिला आहे. त्यात युद्ध जिंकल्यावर रोमवर कोणत्या अटी घालायच्या आणि रोमने पुन्हा युद्ध काढलं तर काय करायचं, याचा विचार आहे. म्हणजे युद्धानंतरही रोम जागेवर असणारच, हे गृहीत आहे. त्याला रोम जाळायचं नव्हतं. त्याला रोमचे मित्र काढून घ्यायचे होते. मग रोम उरला असता, पण टायबरकाठचं एक शहर म्हणून.

आणि ते होऊ लागलं होतं. इटलीतलं सगळ्यात श्रीमंत शहर म्हटलं जाणारं कापुआ त्याच्याकडे गेलं. जाताना कापुआने अटी घातल्या: आमचे कायदे आमचे राहतील, आणि आमच्या एकाही माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध शिपाईगिरी करायला लावायची नाही. रोमच्या मैत्रीत त्यांना नेमकं काय सलत होतं, ते या अटीत उघडं पडतं. पुढे टॅरेंटम गेलं, सिसिलीत सिराक्यूझ गेलं, दक्षिणेतली कितीतरी गावं गेली.

तरी डाव फसला, आणि तो का फसला हे रोमच्या बाजूने प्रामाणिकपणे सांगायला हवं. मध्य इटली हलली नाही. रोमने वसवलेल्या लॅटिन वसाहती हलल्या नाहीत. शेजारचं गाव हॅनिबलकडे गेलं की त्याच्याशी पिढीजात वैर असलेलं दुसरं गाव त्याच कारणाने रोमला चिकटून राहायचं. आणि जे आले त्यांना राखायला हॅनिबलकडे माणसं नव्हती. एकाला वाचवायला धावावं तर दुसरं हातचं जायचं. पण रोमची झोप मात्र उडाली होती. इ. स. पू. २०९ मध्ये ३० लॅटिन वसाहतींपैकी १२ वसाहतींनी कॉन्सलना तोंडावर सांगितलं, आता आमच्याकडे ना माणसं आहेत ना पैसा. त्यांना कुणी फितवलं नव्हतं. त्या थकल्या होत्या. सिनेट त्या दिवशी जितकं हादरलं तितकं एखाद्या हरलेल्या लढाईनेच हादरलं असेल.

'हॅनिबल वेशीशी' हा प्रसंग खरोखर घडला तो दोन वर्षं आधी, इ. स. पू. २११ मध्ये. रोमनांनी कापुआला वेढा घातला होता, तो सुटावा म्हणून हॅनिबल अचानक रोमवर चालून गेला आणि शहरापासून काही मैलांवर तळ दिला. बायका देवळात धावल्या आणि मोकळ्या केसांनी देवळांच्या फरश्या पुसू लागल्या. त्याच वेळी, हॅनिबलचा तळ जिथे पडला होता ती जमीन रोममध्ये पुऱ्या किमतीला विकली गेली, असं लिव्ही सांगतो. कापुआचा वेढा उठला नाही. शहर पडलं, तिथल्या पुढाऱ्यांची डोकी उडाली, त्याचं शहरपण काढून घेतलं गेलं. टॅरेंटम परत घेतलं तेव्हा लिव्हीच्या सांगण्यानुसार ३० हजार माणसं गुलाम झाली. हॅनिबलने रोमच्या मित्रांना विचारलेल्या प्रश्नाला रोमने दिलेलं हे उत्तर. आणि क्रूर म्हणून नाव पडलं हॅनिबलचं! त्याने ट्रासिमीननंतर फ्लॅमिनियसचं प्रेत अंत्यसंस्कारासाठी शोधलं होतं. रोमनांनी त्याचा भाऊ हास्द्रुबल मेटॉरस नदीकाठी मारला गेल्यावर त्याचं मुंडकं हॅनिबलच्या चौकीसमोर फेकलं.

इथवरची भीती मी समजू शकतो. ज्या भीतीबद्दल मला वाद घालायचा आहे, ती यानंतरची आहे. इ. स. पू. २०२ मध्ये आफ्रिकेतल्या झामाला हॅनिबल हरला. कार्थेजवर १० हजार टॅलेंट (तेव्हाचं एक मोठं वजन) चांदीची खंडणी बसली, ५० वर्षांच्या हप्त्यांनी. दहा सोडून सगळी लढाऊ जहाजं गेली. रोमला विचारल्याशिवाय युद्ध करायचं नाही अशी अट आली. धोका संपला. भीती संपायला हवी होती.

झालं उलटंच. हॅनिबल कार्थेजमध्ये मुख्य अधिकारी म्हणून निवडून आला आणि त्याने सरकारी पैसा खाणाऱ्या घराण्यांना हात घातला. ही गळती थांबली तर लोकांवर कर न बसवता खंडणीचे हप्ते फिटतात, हे त्याने हिशेबाने दाखवलं. दुखावलेल्या घराण्यांनी रोमला पत्रं धाडली. त्याला झामाला हरवणारा सिपिओ तेव्हा सिनेटमध्ये म्हणाला, की कार्थेजच्या घरगुती भांडणात पडणं रोमला शोभत नाही. कुणी ऐकलं नाही. रोमचे वकील, म्हणजे दूत, कार्थेजला गेले, हॅनिबल पळाला. इ. स. पू. १९१ मध्ये कार्थेजने उरलेली सगळी खंडणी एकरकमी देऊ केली, तीही रोमने नाकारली. कर्ज फिटलेलं सावकाराला नको असतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही खेड्यात विचारावं.

शेवटी इ. स. पू. १८३च्या सुमारास, काळ्या समुद्राजवळच्या बिथिनियात, चौसष्ट वर्षांच्या या माणसाच्या घराला शिपायांनी वेढा घातला. रोमचा वकील फ्लॅमिनिनस त्याच्यासाठीच आला होता. हॅनिबलने विष घेतलं. लिव्ही त्याच्या तोंडी शब्द घालतो: एका म्हाताऱ्याच्या मरणाची वाट बघणंही रोमला जड जातंय, तर त्यांची ही जुनी चिंता मिटवून टाकू. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो, की रोममध्येही अनेकांना हे हीन वाटलं. पिसं झडलेल्या, उडता न येणाऱ्या पाखरासारखा तो होता, त्याला तसंच जगू द्यायला हवं होतं.

यावर कुणी म्हणेल, कॅनी ज्यांनी सोसलं त्यांना आज खुर्चीत बसून काय शिकवायचं? जखम खोल होती, भीती राहणारच. पण सिपिओ कॅनीच्या मैदानातून जिवंत निघालेल्यांपैकी होता. सासरा त्याने तिथेच गमावला. नंतर कार्थेजच्या नाशाचा ध्यास घेतलेला कॅटोही त्याच युद्धात लढलेला. दोघांनी तोच वणवा पाहिला, आणि एक म्हणाला सोडा, दुसरा म्हणाला संपवा. तेव्हा जखमेतून भीती आपोआप उगवते, असं म्हणून सुटता येत नाही. ती जोपासावी लागते, आणि जोपासणाऱ्याला ती काही मिळवून देत असते.

कॅटोने ती कशी जोपासली, ते तर प्रसिद्धच आहे. म्हातारपणी तो वकील म्हणून कार्थेजला गेला आणि तिथली भरभराट पाहून अस्वस्थ होऊन परतला. सिनेटमध्ये त्याने झग्यातून अंजिरं सांडली. लोक त्यांचं कौतुक करू लागले तेव्हा म्हणाला, ही ज्या देशात पिकतात तो इथून तीन दिवसांच्या जलप्रवासावर आहे. त्यानंतर विषय कुठलाही असो, भाषणाचा शेवट ठरलेला: कार्थेज नष्ट झालं पाहिजे. झामाच्या सिपिओच्या घराण्यातला सिपिओ नासिका तितक्याच नेमाने उलट म्हणायचा, कार्थेज राहिलं पाहिजे. नासिकाचं कारण मात्र दयेचं नव्हतं. समोर शत्रू असला की रोमन लोक शिस्तीत राहतात, असा त्याचा हिशेब. म्हणजे दोघेही एकाच मालाचे व्यापारी. एकाला भीती रोख विकायची होती, दुसऱ्याला साठवून ठेवायची होती.

इ. स. पू. १५१ मध्ये खंडणीचे ५० हप्ते संपले. लगोलग कार्थेजने शेजारच्या मॅसिनिसा राजाच्या कुरापतींना कंटाळून रोमला न विचारता शस्त्र उचललं, आणि कॅटोला हवं होतं ते निमित्त मिळालं. इ. स. पू. १४९ मध्ये कार्थेजने शरणागती म्हणून दोन लाख माणसांची हत्यारं आणि दोन हजार दगडफेकी यंत्रं रोमच्या हवाली केली. ती गाड्यांतून निघून गेल्यावर कॉन्सलनी शेवटची अट सांगितली: शहर सोडा आणि समुद्रापासून १५ किलोमीटर आत कुठेही जाऊन राहा. समुद्रावर जगणाऱ्या शहराला! मग तीन वर्षं वेढा, घराघरांतून लढाई, आग, आणि उरलेले ५० हजार जीव गुलामांच्या बाजारात.

या सगळ्या काळात ज्या मित्रराज्यांच्या जोरावर हॅनिबल हरला, ती तशीच राहिली होती. शिपाई देत होती, मत देऊ शकत नव्हती, नागरिकत्व मागत होती आणि नकार घेत होती. इ. स. पू. ९१ मध्ये ती उठली. कॉर्फिनियम या गावाचं नाव त्यांनी इटालिका ठेवलं, तिथे आपलं सिनेट बसवलं आणि नाणी पाडली. त्यातल्या एका नाण्यावर बैल लांडगीला शिंगावर घेतो आहे. बैल म्हणजे इटली, लांडगी म्हणजे रोम. लढाई चालू असतानाच रोमने नागरिकत्व द्यायला सुरुवात केली. हॅनिबलने ट्रासिमीनला कैदी सोडले, त्याला तोवर सव्वाशे वर्षं झाली होती.